हेडफोन आणि अ‍ॅम्पची जोडी जमवताना: आमच्या रविवारच्या बैठकीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातल्या एका रविवारी सकाळी ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या दिवाणखान्यात पाच-सहा जण आपापले हेडफोन पिशवीत घालून येतात. टेबलावर दोन-तीन अ‍ॅम्प (हेडफोनला ताकद पुरवणारी खोकी), बाजूला पोह्यांचं पातेलं, आणि प्रश्न दर वेळी तेच. उत्तरं देऊन घसा बसायला लागला म्हणून एकदाची लिहून काढली. मी इंजिनिअर नाही, दुकानदार तर नाहीच. पण पंधरा वर्षं चुकीच्या जोड्या लावण्यात बराच पैसा घातलाय.

बजेट एक लाख आहे. आधी हेडफोन घेऊ की अ‍ॅम्प?

हेडफोन. दोन चांगल्या हेडफोनमधला फरक आमच्या आईलाही पहिल्या मिनिटात कळतो. दोन चांगल्या अ‍ॅम्पमधला फरक सांगायला बसवलं, दोन्हींचा आवाज मोजून सारखा केला आणि कोणता चालू आहे ते लपवलं, की आमच्यातले भलेभले गप्प होतात. लाखातले सत्तर-ऐंशी हजार डोक्यावर, उरलेले टेबलावर, एवढं धोरण पुरे. अपवाद एकच: ज्या हेडफोनवर जीव जडला तो खरोखरच खादाड, म्हणजे भरपूर ताकद खाणारा, निघाला तर.

अ‍ॅम्प सेलमध्ये मिळाला म्हणून घेऊन ठेवला आणि मग त्याला शोभेल असा हेडफोन हुडकत बसले, असे दोघे आमच्या बैठकीत आहेत. सूट आधी शिवून मग मापाचा नवरदेव शोधायला निघावं तसं ते.

३०० ओहमचा हेडफोन चालवायला जड असतो ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि गैरसमजही इथेच सगळ्यात जास्त. ओहम, म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा अडथळा, हा अर्धाच आकडा. उरलेला अर्धा म्हणजे सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर हेडफोन किती डेसिबल (डीबी) आवाज काढतो ते.

सेनहायझरचा एचडी ६५० घ्या. ३०० ओहम, १ व्होल्टला १०३ डीबी. त्याच्या शेजारी हायफायमनचा जुना एचई-६ ठेवा. ओहम फक्त ५०, पण १ मिलिवॅटला जेमतेम ८३.५ डीबी. दोघांनाही ११० डीबीपर्यंत न्यायचंय असं धरू. एवढ्या आवाजात कोणी गाणं ऐकत नाही, पण तबल्याची थाप किंवा ड्रमचा फटका सरासरीच्या वर वीस-वीस डीबी उडी मारतो, त्या उडीसाठी वर मोकळी जागा लागते. एचडी ६५० ला इथवर पोचायला सव्वादोन व्होल्ट लागतात, म्हणजे १७ मिलिवॅट. एचई-६ ला पावणेपाच व्होल्ट आणि जवळपास ४५० मिलिवॅट! करंट पाहिला तर पहिल्याला साडेसात मिलिअँपियर, दुसऱ्याला ९५ च्या आसपास.

थोडक्यात, ३०० ओहमवाला व्होल्टेज मागतो, करंट जवळपास मागतच नाही. ५० ओहमचा हा प्लेनर (हा प्रकार पुढे सांगितलाय) दोन्ही मागतो, आणि भरपूर मागतो. दुकानात 'कमी ओहम आहे, मोबाइलवर पळेल' असं कोणी म्हणालं तर सेन्सिटिव्हिटी विचारा. उत्तर आलं नाही तर चहा पिऊन बाहेर पडा.

एका खोक्यावर डीबी पर मिलिवॅट लिहिलंय, दुसऱ्यावर डीबी पर व्होल्ट. तुलना कशी करू?

सरळ करू नका, फसाल. हजारला ओहमने भागायचं, त्याचा दहाच्या पायाचा लॉग घ्यायचा, दहाने गुणायचं. आलेलं उत्तर मिलिवॅटच्या आकड्यात मिळवलं की व्होल्टचा आकडा मिळतो. ३०० ओहमला हा फरक ५ डीबीहून थोडा जास्त, ३२ ओहमला जवळपास १५. म्हणजे व्होल्टच्या हिशोबात एकावर ११५ आणि दुसऱ्यावर १०३ छापलेलं असलं, आणि पहिला ३२ ओहमचा नि दुसरा ३०० चा असला, तर मिलिवॅटमध्ये ते १०० आणि ९८ निघतात. जवळजवळ जुळे भाऊ.

पुढचं गणित तोंडी होतं. दर ३ डीबीला ताकद दुप्पट, दर १० डीबीला दहापट. 'फक्त पाचच डीबी कमी आहे हो' याचा अर्थ तिप्पट ताकद हवी.

अ‍ॅम्पचं पत्रकही असंच वाचायचं. '३२ ओहमला २ वॅट' मोठ्या अक्षरात असतं. ते म्हणजे ८ व्होल्ट. तेवढेच व्होल्ट ३०० ओहमला दिले की उरतात साधारण २१३ मिलिवॅट. आकडा एकदम पडलेला बघून घाबरायचं कारण नाही, वरच्या हिशोबात १७ च लागले होते.

मग फोनच्या डोंगलवरच का चालवू नये?

चालवा की. अ‍ॅपलचा तो बोटाएवढा डोंगल, म्हणजे फोनच्या चार्जिंगच्या भोकाला हेडफोन जोडायचा तुकडा, साधारण १ व्होल्ट देतो (युरोपात विकला जाणारा त्याच्या निम्माच). म्हणजे एचडी ६५० वर १०३ डीबी. आजची चित्रपटगीतं मुळातच इतकी चढ्या आवाजात मुद्रित केलेली असतात, की त्यांना हे पुरून उरतं. अडतं कुठे, तर जुन्या मैफिलींच्या मुद्रणात. बुवा आलापीला बसलेत, आवाज तळाशी, तुम्ही फोनवरचं बटण शेवटापर्यंत नेलंय आणि अजून थोडं हवं असं वाटतंय. असं दोन-तीनदा झालं की अ‍ॅम्प घ्यायची वेळ आली असं समजा. तोवर घाई नको.

काही अँड्रॉइड फोनवर हाच डोंगल दबका आवाज देतो. तो दोष हेडफोनचा नाही, थेट यूएसबीवर वाजवणारं अ‍ॅप वापरलं की बहुतेकदा सुटतो.

ओपन-बॅक की क्लोज्ड-बॅक? मी घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर राहतो.

मजला ऐकून मत देत नाही, पंखा कितीवर ठेवता ते सांगा. ओपन-बॅकच्या वाट्या जाळीच्या असतात. आतलं बाहेर जातं, बाहेरचं आत येतं, आणि म्हणूनच आवाज डोक्यात कोंडल्यासारखा न वाटता मोकळा वाटतो. पण मे महिन्यात पंखा पाचवर, खिडकी उघडी, खाली कामाचे ट्रक रिव्हर्स घेताहेत, अशा खोलीत महागडा ओपन-बॅक म्हणजे मुसळधार पावसात अत्तर लावणं. नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातलीये. आमच्या गोखले रोडकडच्या खिडकीला ते अजून कोणी कळवलेलं नाही. मी ओपन-बॅक रात्री साडेदहानंतर, एसी मंद करून, पंखा बंद ठेवून ऐकतो. तुम्हाला असा तास रोज मिळणार असेल तर ओपन-बॅकच घ्या. मिळणार नसेल तर बंद वाट्यांचा क्लोज्ड-बॅक, आणि त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी अडचण घरातली. शेजारी कोणी झोपत असेल तर त्या व्यक्तीला तुमची संपूर्ण मैफल ऐकू जाते. आमच्याकडे यावर एकदाच चर्चा झाली, पुन्हा वेळ आली नाही.

लोकलचं म्हणाल तर कानात बसणारे इअरफोन किंवा नॉइज कॅन्सलिंगवाला हेडफोन. ठाण्याहून आठ-वीसच्या गर्दीत गळ्यात ओपन-बॅक अडकवून चढणाऱ्याला माझा दंडवत.

डायनॅमिक, प्लेनर, इलेक्ट्रोस्टॅटिक यातलं भारी कोणतं?

जे डोक्यावर दोन तास राहील ते. डायनॅमिक म्हणजे छोटा स्पीकरच, पडदा आणि त्याला चिकटलेली तारेची गुंडाळी. जर्मनीच्या बायरडायनॅमिकने १९३७ साली डीटी ४८ आणला तो याच जातीचा, आणि १९९७ चा सेनहायझर एचडी ६०० आजही लोक नवीन घेतात. या छंदात 'जुनं झालं' हे वाक्य सांभाळून वापरायचं.

प्लेनरमध्ये पातळ पडद्यावर वाहक पट्ट्या पसरलेल्या असतात आणि चुंबकांची रांग समोर. खालचा बेस सरळ आणि घट्ट येतो. त्या चुंबकांचं वजन मात्र तुमच्या मानेवर. ऑडीझीचा एलसीडी-एक्स सहाशे ग्रॅमच्या वर जातो. दुकानात दहा मिनिटं घालून 'काही वाटत नाही' म्हणालात, तर अजून अर्धा तास घालून बसा.

इलेक्ट्रोस्टॅटिक हे वेगळंच घराणं. जपानच्या स्टॅक्सने १९६० साली पहिला आणला. त्यांच्या प्रो जातीच्या हेडफोनच्या पडद्याला ५८० व्होल्टचा बायस, म्हणजे कायम लावून ठेवलेला विद्युतदाब, लागतो, त्यामुळे अ‍ॅम्पही त्यांच्याच पद्धतीचा लागतो. तुमचा साधा अ‍ॅम्प इथे बाद. पहिली उंची खरेदी म्हणून या वाटेला जाऊ नका, ऐकून मात्र घ्या एकदा.

ट्यूब अ‍ॅम्पने आवाज गोड होतो म्हणतात. खरं की भावनिक?

थोडं खरं, थोडं आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओची आठवण. पण जे खरं आहे त्याचं कारण बहुतेकदा ट्यूबच्या, म्हणजे त्या काचेच्या व्हॉल्व्हच्या, चकाकीत नसून आउटपुट इम्पिडन्समध्ये असतं.

अ‍ॅम्पला स्वतःचा आतला अडथळा असतो. तो हेडफोनच्या ओहमपेक्षा बराच लहान असेल तर गोष्ट संपली. लोक आठवा हिस्सा धरतात, म्हणजे ३२ ओहमच्या हेडफोनला अ‍ॅम्प ४ ओहम किंवा त्याहून कमी. आता आउटपुटला ट्रान्सफॉर्मर नसलेले ट्यूब अ‍ॅम्प घ्या, ज्यांना ओटीएल म्हणतात. त्यांचा अडथळा १०० ओहमच्या वर सहज असतो. आणि एचडी ६५० जरी ३०० ओहमचा म्हटला, तरी बेसच्या पट्ट्यात, शंभर हर्ट्झच्या जरा खाली, तो ५०० च्या आसपास चढतो. १२० ओहमच्या अ‍ॅम्पवर लावला की जिथे ओहम जास्त तिथे व्होल्टेज जास्त पोचतं, आणि त्या भागात साधारण १ डीबीचा उंचवटा तयार होतो. डग्गा जरा गुबगुबीत लागतो, गळ्याला ऊब येते. 'गोडवा' म्हणतात तो हाच, आणि मला तो आवडतो. म्हणून माझ्या टेबलावर ३०० ओहमवाल्यासाठी एक ओटीएल कायम आहे.

हाच अ‍ॅम्प ३२ ओहमच्या हेडफोनला किंवा प्लेनरला लावला तर पंचाईत. प्लेनरचा ओहम सगळ्या सुरांना सारखाच असतो, त्यामुळे सूर बदलत नाही, पण करंटअभावी दम निघून जातो. कानात बसणाऱ्या चार-सहा ड्रायव्हरच्या (आवाज काढणाऱ्या छोट्या भागांच्या) इअरफोनचा तर ओहम सुरागणिक वरखाली होतो, त्यांचा चेहराच बदलतो. शिवाय अ‍ॅम्पची बारीक सळसळ त्यांच्यात ऐकू येते. अशांसाठी १ ओहमच्या आतला साधा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प, गेनचं, म्हणजे आवाज किती पटीने वाढवायचा ते ठरवणारं, बटण कमीवर. हेच बटण प्लेनरला जास्तीवर. गेन जास्त ठेवून आवाजाचं चक्र अगदी तळाशी ठेवायची वेळ आली, तर स्वस्त चक्रांमध्ये डावा-उजवा कान सारखा वाजत नाही, तेव्हा गेन कमी करा.

बॅलन्स्ड आउटपुट घेतलंच पाहिजे का?

नाही. बॅलन्स्ड म्हणजे दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवून प्रत्येक कानाला सुलटा आणि उलटा असे दोन सिग्नल देणं. त्याने त्याच अ‍ॅम्पमधून जवळपास दुप्पट व्होल्टेज निघू शकतं, म्हणजे कागदावर चौपट ताकद. खादाड प्लेनरला उपयोग होतो, एचडी ६५० ला फारसा नाही. 'बॅलन्स्डचा आवाज रुंद लागतो' असं वाटलं तर आधी आवाज सारखा करून बघा, बहुतेकदा तो फक्त मोठा असतो.

एक ताकीद. बॅलन्स्ड हेडफोनची केबल साध्या ६.३ मिलिमीटरच्या भोकात अडॅप्टरने लावली तर चालतं. उलट नाही. साधी केबल अडॅप्टर लावून अ‍ॅम्पच्या बॅलन्स्ड भोकात घातली, तर दोन्ही बाजूंच्या उलट्या तारा एकत्र जोडल्या जातात आणि अ‍ॅम्प जळू शकतो. असे अडॅप्टर बाजारात बिनदिक्कत मिळतात. मिळतात म्हणून घालायचे नसतात.

वेगळा डॅक लागेल?

डॅक म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा विजेचा सिग्नल बनवणारा भाग, तो तुमच्या डोंगलमध्येही असतोच. लॅपटॉपमधून खरखर किंवा माउस हलवला की किरकिर ऐकू येत असेल तर बाहेरचा घ्या, नाहीतर पैसे हेडफोनकडे वळवा.

ब्लूटूथ हेडफोनला अ‍ॅम्प जोडू का?

त्याच्या पोटातच आहे.

ऐकून निवडायचा असेल तर कोणतं संगीत न्यावं?

दुकानातली प्रात्यक्षिकाची गाणी मुळीच नाही. ती कुठल्याही हेडफोनवर छानच वाटावीत म्हणून निवडलेली असतात. तुम्ही शंभर वेळा ऐकलेलं न्या.

माझ्या फोनमध्ये चार तुकडे कायम असतात. पहिला, नुसता तानपुरा. जवारी नीट लागलेल्या तारेतून स्वरांची जी भिंगरी फिरते ती वरच्या पट्टीची सगळ्यात कडक परीक्षा आहे. हेडफोनचा ट्रेबल जास्त तिखट असेल तर जवारी पत्र्यासारखी वाजते, दबका असेल तर तानपुरा दूरच्या खोलीत गेल्यासारखा. दुसरा, विलंबित एकताल. डग्ग्यावर मनगट घासून काढलेली मींड खालच्या सुरातून वर सरकताना सलग ऐकू यायला हवी. नुसतं 'ढुम' आलं तर बेस फुगवलेला आहे. तिसरा, बाईच्या आवाजातलं भावगीत, ज्यात स, श, च भरपूर. दोन कडवी पूर्ण ऐका, कान आंबतो का ते बघा.

चौथा तुकडा लोकांना विचित्र वाटतो. बालगंधर्वांचं तबकडीवरचं नाट्यपद. ते मोनो आहे, म्हणजे दोन्ही कानांना अगदी तेच जातं. तेव्हा आवाज नाकाच्या बरोबर समोर, एका बिंदूत उभा राहायला हवा. किंचित डावीकडे झुकला तर दोन ड्रायव्हर जुळत नाहीत, पॅड नीट बसलेलं नाही, किंवा तुमच्याच एका कानात मळ आहे. तिन्ही अनुभव घेतलेत.

'खरा' आवाज कसा असतो ते गडकरी रंगायतनमध्ये ऐकून ठरवेन असं एकाने सांगितलं होतं. कल्पना चांगली, पण तिथेही तबला माइकातून आणि भोंग्यांतूनच येतो. ओळखीतल्या कोणाच्या तालमीला घरी जाऊन, तबल्यापासून सहा फुटांवर बसा.

भाच्याला अमेरिकेहून अ‍ॅम्प आणायला सांगू का?

आधी त्याच्या मागचा फोटो मागवा. '१००-२४० व्होल्ट' लिहिलं असेल तर खुशाल. नुसतं ११५ किंवा १२० असेल तर तिथेच थांबा. आपल्या भिंतीत २३० येतात. आमच्या एका मित्राने न्यू जर्सीहून आलेला सुंदर अ‍ॅम्प उत्साहात पिन बदलून लावला. बटण दाबलं, आवाज आला, तो गाण्याचा नव्हता. ट्रान्सफॉर्मर जळल्याचा वास त्याच्या हॉलमधून गणपतीपर्यंत गेला नाही. काही अ‍ॅम्पच्या तळाशी व्होल्टेज बदलायची खटकी असते. असेल तर प्लग लावायच्या आधी बघायची, नंतर नाही.

हेडफोनमधून बारीक 'हूं' ऐकू येतं. अ‍ॅम्प खराब आहे?

लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. हूं थांबलं तर अ‍ॅम्प निर्दोष आहे, गडबड चार्जर आणि अर्थिंगच्या फेऱ्यात आहे. लॅपटॉप आणि अ‍ॅम्प एकाच पट्टीवरून चालवून बघा. जुन्या सोसायट्यांमध्ये तीन भोकांचा सॉकेट असतो पण अर्थिंगची तार कुठे जोडलेलीच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलवून तपासून घ्या. आवाजासाठी नाही तर जिवासाठी. अर्थिंगची पिन तोडून हूं घालवायचा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

ठाण्याच्या जुलैत कपाटातल्या चपलेवर बुरशी येते, हेडफोन काय चीज आहे. कातडीसारखे दिसणारे पॅड घाम आणि दमटपणाने सोलतात, काळे कण कानाला चिकटतात. मखमली पॅड सोलत नाहीत, पण वास धरतात. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, पुड्या गुलाबी पडल्या की तव्यावर मंद आचेवर निळ्या करून घ्या, आणि तो तवा पुन्हा पोळ्यांना वापरू नका. पॅड हा संपणारा भाग आहे, खरेदी करतानाच त्या मॉडेलचे पॅड सुटे मिळतात का ते विचारा. पॅड बदलले की आवाजही थोडा बदलतो.

महागडी केबल? बर्न-इन?

केबल मऊ, पुरेशी लांब आणि कपड्याला घासून आवाज न करणारी असावी. बर्न-इन, म्हणजे नवा हेडफोन तासन्‌तास वाजवून रुळवणं, याबद्दल एवढंच, की शंभर तासांत हेडफोनपेक्षा तुमचे कान जास्त रुळतात आणि पॅड चेहऱ्याला बसतात.

किती आवाजात ऐकलेलं चालतं?

जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्यांसाठीचा आकडा आहे आठवड्याला ४० तास, ८० डीबीवर. दर ३ डीबीला वेळ निम्मा करायचा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. चांगल्या हेडफोनचा धोका असा, की तो विस्कटत नाही. स्वस्त हेडफोन जास्त आवाजात कर्कश होतो आणि हात आपोआप मागे येतो. हा मात्र ९५ लाही गोडच वाजत राहतो. माझी युक्ती: बसल्यावर आवाज लावायचा आणि तासाभरात चक्राला हात लावायचा नाही. विसर्जन मिरवणुकीत ढोलाशेजारी चाललात तर पुढचे दोन दिवस हेडफोनला सुट्टी.

सेकंड हँड घेऊ का?

अ‍ॅम्प बिनधास्त, हेडफोन बघून. मोनो गाणं लावून मध्य तपासा, केबल दोन्ही टोकांना हलवून खरखर येते का बघा, हळूहळू खाली उतरणारा बेसचा सूर लावून ड्रायव्हर कुठे थरथरतो का ऐका. प्लेनरच्या वाट्या कानावर जोरात दाबून कागद चुरगळल्यासारखा आवाज येतो का तेही पाहा. विक्रेता 'स्टेशनच्या पुलावर भेटू' म्हणाला तर नको म्हणा. तिथे यातलं काहीच ऐकू येत नाही.

तुमच्याकडे येऊन ऐकता येईल का?

हो. दहानंतर या, साडेबाराच्या आत आटपू, नंतर जेवणाची वेळ होते. गाडी आणू नका, नौपाड्यात रविवारीही जागा मिळत नाही, स्टेशनवरून चालत दहा मिनिटं. आपली गाणी फोनमध्ये उतरवून आणा, आणि ऐकताना पंखा बंद असतो, तेव्हा सुती शर्ट घाला.